उरलेली हवा

आमच्या धंद्यातली निम्मी भांडणं एका गैरसमजातून होतात. गिऱ्हाइकाला वाटतं, सायलेन्सरच्या पाइपात बसवलेला ऑक्सिजन सेन्सर पेट्रोल मोजतो. तो पेट्रोल मोजत नाही. इंजिनात सगळं जळून झाल्यावर जी हवा बाहेर पडते, तिच्यात प्राणवायू किती उरला एवढंच तो सांगतो. बराच उरला तर मिश्रण ‘लीन’, म्हणजे पेट्रोल कमी पडलं. काहीच उरला नाही तर ‘रिच’, म्हणजे पेट्रोल जास्त झालं. पण हा अर्थ आपण लावायचा असतो. एखादा प्लग ठिणगीच देत नसेल तर हवा आणि पेट्रोल दोन्ही न जळता बाहेर येतात, सेन्सर बिचारा उरलेली हवा बघून ‘लीन’ म्हणतो आणि एखादा दीडशहाणा त्यावर अजून पेट्रोल ओततो. आकडा खरा असतो, वाचणारा गाढव असतो. हे मी इतक्या लोकांना ओरडून सांगितलंय की बायको म्हणते, दुकानाच्या पाटीवर हेच लिहून टाका.

ओरडून सांगितलंय हेही खरंच. राग माझ्या नाकाच्या शेंड्यावर असतो. मी हातातले लोखंडी पाने फेकलेत, गिऱ्हाइकांना हाकलून दिलंय, एकदा तर एका गाडीचा आरसा मुठीने फोडून स्वतःच भरून दिलाय. तरी दुकान चाललं, कारण माझा भागीदार माझ्या अगदी उलट होता. तो माझा साडू, बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. अंगाने काडीपैलवान, म्हणून सगळे त्याला पैलवानच म्हणत. गंजलेला बोल्ट निघाला नाही की मी त्याला शिव्या घालायचो. पैलवान त्याच्यावर तेल सोडून हळूच म्हणायचा, ‘ये रे राजा, ये,’ आणि बोल्ट त्याचंच ऐकायचा. त्याला एक मुलगी, चार वर्षांची. आम्ही तिला ठकी म्हणतो. आम्हाला मूलबाळ नाही, त्यामुळे ठकी दोन घरांची होती आणि लाडही दोन घरांचे होते.

आमचं दुकान म्हणजे मागे एक अंगण आणि पुढे तीन खोल्या. मधल्या खोलीत जमिनीत रोलर बसवलेले आहेत. गाडीची चाकं त्यांच्यावर चढवली की गाडी जागच्या जागी शंभरच्या वेगाने पळते, समोर मोठा पंखा वारा मारतो आणि धूर एका जाड नळीतून भिंतीबाहेर जातो. मी बाजूला टेबलाशी लॅपटॉप घेऊन बसतो. पैलवान गाडीभोवती फिरत असतो. मीटरवर त्याचा विश्वास नव्हता असं नाही, पण आधी तो नाकाला विचारायचा. नळी लावण्याआधी सायलेन्सरच्या तोंडाशी ओंजळ धरायची, ती नाकाशी न्यायची, डोळे मिटून एक मोठा श्वास घ्यायचा आणि सांगायचं, ‘भाऊ, रिच आहे.’ दहातल्या नऊ वेळा बरोबर. मी म्हणायचो, फुप्फुसाचा सायलेन्सर करशील. तो हसायचा.

ती करड्या रंगाची गाडी एका मऊ बोलणाऱ्या माणसाने आणली. त्याच्या उजव्या हाताला बँडेज होतं.

‘ओढत नाही,’ तो म्हणाला. ‘इंजिन दमल्यासारखं वाटतं.’

‘घेतली कधी?’

‘नुकतीच. जुन्या मालकाच्या भावाने विकली. मालक आत आहे.’

‘आत म्हणजे तुरुंगात? काय केलं त्याने?’

‘भाऊ काही बोलला नाही. तिघं भाऊ होतो आम्ही, एवढंच म्हणाला.’ मग माझी नजर बँडेजवर गेलेली बघून तो स्वतःहूनच म्हणाला, ‘हे काही नाही. भिंतीवर मारला. का मारला आठवत नाही.’

असली माणसं रोज भेटतात. मी चावी घेतली.

पैलवानाने गाडी चालू केली आणि सवयीप्रमाणे मागे जाऊन ओंजळ धरली. एकदा वास घेतला. मान हलवून परत घेतला. मग ओंजळ बाजूला ठेवून त्याने सायलेन्सरच्या तोंडाशीच नाक नेलं.

‘काय?’ मी विचारलं.

‘भाऊ, वासच नाही.’

‘सर्दी झालीय तुला.’

‘सर्दी नाही. काहीच येत नाहीये. गरमसुद्धा नाही.’ आणि त्याने अजून एक श्वास घेतला, छाती भरून.

मी माझा सेन्सर पाइपात बसवला. चांगला सेन्सर आहे, हवेतला प्राणवायू टक्क्यांत दाखवतो. गाडी रोलरवर पळवली. आकडा शून्यापाशी. म्हणजे भयंकर रिच, पेट्रोलचा पूर. पण मग काळा धूर यायला हवा, प्लग काजळलेले असायला हवेत, आणि प्लग काढले तर ते स्वच्छ निघाले. पाइपात भेग शोधायला धूर सोडून पाहिला. भेग नव्हती, आणि असती तरी आकडा उलटा गेला असता. मग मी एक चाचणी केली जी चुकूच शकत नाही. पेट्रोलची नळी बंद केली, ठिणगीच्या वायरी काढल्या आणि नुसत्या स्टार्टरवर इंजिन फिरवलं. आता त्यात काही जळणं शक्य नव्हतं. ते फक्त पंप होतं, एकीकडून खोलीतली हवा आत ओढायची आणि दुसरीकडून तीच हवा जशीच्या तशी बाहेर सोडायची. उघड्या हवेत प्राणवायू एकवीस टक्क्यांना जरासा कमी, वीस दशांश नऊ. तोच आकडा यायला हवा होता.

आकडा दोन आला.

मी पुन्हा फिरवलं. दोन. हवा आत जात होती आणि जळल्यावाचून रिकामी होऊन बाहेर येत होती. मी वायरी हलवून पाहिल्या, मीटर बदललं, मीटरला शिव्या घातल्या.

असं झालं की सेन्सरच खोटा बोलतोय असं धरायचं. मी तो पाइपातून काढला आणि टेबलावर मोकळ्या हवेत टांगला. वीस दशांश नऊ. एकदम ठणठणीत. माझा स्वतःचा श्वास सोडून पाहिला. सोळा-सतरावर उतरला, माणसाच्या उच्छ्वासात एवढाच असतो, आणि परत वर गेला. तेवढ्यात पैलवान हात पुसत आला आणि माझ्या खांद्यावरून वाकून म्हणाला, ‘काय म्हणतंय मीटर?’

आकडा घसरत घसरत दोनवर आला आणि तिथेच थांबला.

‘लूज कनेक्शन,’ मी म्हणालो. तो चहा सांगायला गेला. आकडा वर चढला. तो परत आला. आकडा दोन.

त्या दिवशी मला ते लूज कनेक्शनच वाटलं. वाटून घेतलं म्हणा. समोर हसतखेळत चहा पिणाऱ्या माणसाच्या श्वासात प्राणवायू नाही, हा निष्कर्ष कुठल्या शहाण्या माणसाने काढावा? गाडी आम्ही ढकलत मागच्या अंगणात नेली. मी त्या मऊ बोलणाऱ्याला फोन लावला. कोणी उचलला नाही, पुढेही कधी उचलला नाही.

त्याच आठवड्यात पैलवानाने रेडिओ फोडला. दुकानात नेहमी रेडिओ चालू असायचा, त्यालाच गाण्यांची आवड. मी लॅपटॉपवर होतो. मागे ठक ठक आवाज सुरू झाला, मला वाटलं बेअरिंग बसवतोय. आवाज थांबेना म्हणून वळून पाहिलं. तो हातोड्याने रेडिओ ठेचत होता. सावकाश, एका लयीत, आधी कोपरे, मग मधला भाग, भुगा होईपर्यंत. चेहऱ्यावर काही नव्हतं. राग तर नव्हताच. राग कसा दिसतो हे मला आरशात पाहून माहीत आहे.

मग त्याने हातोडा जागेवर टांगला आणि माझ्याकडे बघून विचारलं, ‘भाऊ, रेडिओ का बंद केलात? चांगलं गाणं लागलं होतं.’

मी हसून टाळलं.

नंतरचा प्रकार हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. आमच्याकडे सुटे भाग आणून देणारा टेम्पोवाला आहे, तोंडाने फटकळ पण मनाने चांगला. तो एक खोकं चुकीच्या कोपऱ्यात ठेवून म्हणाला, ‘काय पैलवान, आज फारच गप्प?’ पैलवानाने त्याची मान मागून पकडली आणि तोंड बॉनेटवर आपटलं. एकदा नाही. मी धावत पोचेपर्यंत पत्र्यावर दात पडले होते. मी नव्वद किलोचा माणूस, पैलवान माझ्या निम्मा. तरी त्याची बोटं त्या मानेवरून सोडवताना मला पाय भिंतीला लावून जोर करावा लागला. टेम्पोवाला रक्ताच्या गुळण्या थुंकत जमिनीवर बसला. पैलवान त्याच्याकडे बघत होता, मग घाईघाईने खाली बसला आणि स्वतःच्या रुमालाने त्याचं तोंड पुसू लागला.

‘अरे, कुठे आपटलास?’ तो कळवळून म्हणाला. ‘भाऊ, याला दवाखान्यात न्यायला हवं. कोणी केलं हे?’

तेव्हा मला पहिल्यांदा खरी भीती वाटली. मी त्याला खुर्चीत बसवलं, पाणी दिलं आणि त्याला कळणार नाही असा सेन्सर त्याच्या तोंडासमोर धरला. तो बोलत होता, रडत होता, मी असं करेन का भाऊ, विचारत होता. प्रत्येक शब्दागणिक हवा बाहेर येत होती, आणि आकडा दोनवरून हलत नव्हता.

डॉक्टर झाले. त्यांनी छाती तपासली, डोकं तपासलं, ताण आहे म्हणाले, गोळ्या दिल्या. मी त्यांना सेन्सरचं सांगितलं नाही. सांगितलं असतं तर गोळ्या मला मिळाल्या असत्या. बायकोला मात्र सांगितलं. ती म्हणाली, ‘मला तुमचं यंत्र कळत नाही. पण माझ्या बहिणीच्या दंडावर वळ आहेत आणि ती म्हणते दार लागलं. मी तिला आणि ठकीला इकडे घेऊन येते.’

त्या दोघी आमच्याकडे राहायला आल्या. पैलवानाने काही तक्रार केली नाही. रोज दुकानात यायचा, जमेल ते करायचा, माझ्याशी बोलताना नजर खाली ठेवायचा. संध्याकाळी फोनवर ठकीशी बोलायचा. हळूहळू त्याला थोडा रंग आला. महिना होत आला तेव्हा तो एका सकाळी स्वच्छ दाढी करून आला आणि टेबलाशी माझ्यासमोर बसला.

‘भाऊ, मला त्या दोघींना घरी न्यायचंय,’ तो म्हणाला. ‘तुम्ही म्हणाल तर. नाही म्हणालात तर नाही.’

मी म्हणालो, बस, चहा सांगतो. मनात ठरवलं, आकडा बघायचा आणि मग बोलायचं. खण उघडून सेन्सर काढला. इतके दिवस तो पडून होता, त्यामुळे मीटर चालू केल्याबरोबर लाल दिवा लुकलुकू लागला. याचा अर्थ, आधी मला मोकळी हवा दाखव. दर वेळी महत्त्वाचं काही मोजण्यापूर्वी हे करायचं असतं. सेन्सर मोकळ्या हवेत धरायचा आणि बटण दाबायचं. मीटर समजतं की ही जगातली नेहमीची हवा, आणि पुढचं सगळं ते त्या हवेच्या मापाने मोजतं. हा नियम मी नवशिक्यांना कान पिळून शिकवलाय. सेन्सर टेबलावर ठेवून मी बटण दाबलं.

पैलवान टेबलावर कोपरं टेकून, हनुवटी हातांवर ठेवून, त्या सेन्सरवर वाकला होता.

‘काय करताय?’

‘काही नाही. तपासतोय.’

दिवा हिरवा झाला. आकडा आला, वीस दशांश नऊ. तो बोलत राहिला, ठकीला नवीन सायकल घ्यायचीय, तिच्या आईला डोंगराकडे फिरायला न्यायचंय. वीस दशांश नऊ. तो हसला. वीस दशांश नऊ. मी म्हणालो, ‘जरा यात फुंकर मार बघू.’ त्याने मारली. वीस दशांश नऊ. आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. खोटं कशाला सांगू, मी उठून त्या काटकुळ्याला मिठी मारली आणि बायकोला फोन लावला.

‘पाठव त्यांना घरी,’ मी म्हणालो. ‘तो बरा झालाय. मी स्वतः बघितलंय.’

‘नक्की ना?’

‘आकडा खोटं बोलत नाही.’

दुपारी पैलवान लवकर निघाला. जाताना माझ्या पाठीवर थाप मारून गेला. मी टेबल आवरायला घेतलं. मीटर अजून चालूच होतं. बंद करायला हात पुढे केला तेव्हा आकडा दिसला.

आकडा वर चालला होता. पंचवीस. चाळीस. एवढा प्राणवायू हवेत नसतो. मी खिडकी उघडली आणि सेन्सर हातभर बाहेर धरला. आकडा मीटरच्या अगदी वरच्या टोकाला जाऊन चिकटला आणि लुकलुकू लागला.

मला वाटलं, बिघडला. इतका काळ पडून होता.

मग सकाळचं टेबल डोळ्यांपुढे आलं. माणूस श्वास घेऊन फुंकर मारतो तर आकडा सोळावर उतरायला हवा, आणि त्याने फुंकर मारली तेव्हा तो तसूभरही हलला नव्हता. मी सेन्सरला मोकळी हवा दाखवलीच नव्हती. मी त्याला पैलवानाचा श्वास दाखवला होता आणि बटण दाबून सांगितलं होतं की ही जगातली हवा, हिच्यावरून सगळं मोज. त्याने इमानदारीत तेच केलं होतं. दोनालाच एकवीस मानल्यावर साधी हवा त्याच्या मापाबाहेरच जाणार. वाचणारा गाढव होता.

बायकोला फोन केला. म्हणाली, ‘अहो, त्या केव्हाच गेल्या. ठकी उड्या मारत गेली.’

मेहुणीचा फोन वाजत राहिला.

त्यांचं घर गाडीने दहा मिनिटांवर आहे. मी कसा पोचलो ते विचारू नका. वाटेत कोणाचा तरी आरसा गेला. जिना चढताना वरून आवाज ऐकू आला. किंचाळी नव्हे, भांडण नव्हे. ठक, ठक, ठक. एका लयीत.

दार आतून बंद होतं. तिसऱ्या लाथेला कडी तुटली.

टेबल उलटलं होतं. फरशीवर काचा होत्या. मेहुणी उताणी पडली होती आणि पैलवान तिच्या छातीवर गुडघे रोवून बसला होता. दोन्ही अंगठे तिच्या गळ्यात रुतले होते. तो आवाज तिच्या टाचांचा होता. मी आत शिरलो तेव्हा तो मंद होत चालला होता.

पैलवान तिच्या तोंडाजवळ वाकून हळूच म्हणत होता, ‘ये रे राजा, ये.’

मी त्याला कमरेला धरून ओढलं. तो हलला नाही. मी त्याच्या कानशिलात मारली. त्याने न बघता एक हात मागे आणला, माझी दोन बोटं धरली आणि काडीसारखी मोडली. मी ओरडलो. त्याने तोंड वळवून माझ्या दंडाचा लचका तोडला आणि पुन्हा गळ्याकडे वळला. घाई नव्हती. राग नव्हता. तो एक काम पूर्ण करत होता.

मेहुणीच्या टाचा थांबल्या.

शेजारी इस्त्रीची फळी पडली होती. इस्त्री मी डाव्या हाताने उचलली आणि त्याच्या डोक्यात घातली. काही झालं नाही. दुसऱ्यांदा घातली. कवटी फुटल्याचं हाताला कळलं, तरी अंगठे सुटेनात. तिसऱ्यांदा घातली. चौथ्यांदा.

तो बाजूला कलंडला.

मेहुणीने कुठून तरी श्वास ओढला, फाटक्या भात्यासारखा. मी तिला भिंतीला टेकवून बसवलं. तिने हाताने बाल्कनीकडे खूण केली. कपडे धुण्याच्या मशीनच्या मागे ठकी बसली होती, दोन्ही हातांनी कान झाकून. तिला कुठे खरचटलंसुद्धा नव्हतं.

मी परत आलो तेव्हा पैलवानाचे डोळे उघडे होते. फरशीवर रक्त पसरत चाललं होतं. त्याचे ओठ हलत होते. मी गुडघ्यांवर बसलो आणि त्याचं डोकं मांडीवर घेतलं. काय करणार? माझाच माणूस होता तो.

‘भाऊ,’ तो म्हणाला. त्याचाच आवाज होता, जुना, मवाळ. ‘ठकी कुठेय?’

‘आहे. बरी आहे.’

तो अजून काहीतरी पुटपुटला. ऐकू येईना म्हणून मी कान नाही, तोंडच खाली नेलं, अगदी त्याच्या तोंडाजवळ.

त्याने श्वास सोडला. लांबलचक श्वास, एवढ्याशा छातीत मावणार नाही एवढा. तो सरळ माझ्या नाकातोंडात गेला. त्याला रक्ताचा वास नव्हता, तोंडाचा नव्हता. कसलाच वास नव्हता. गरमसुद्धा नव्हता.

पुढचा श्वास त्याने घेतला नाही.

पोलिसांनी सगळं लिहून घेतलं. मेहुणीच्या गळ्यावरचे काळेनिळे अंगठे पाहिल्यावर मला फार प्रश्न विचारले नाहीत. खटला चालू आहे, मी जामिनावर आहे, वकील म्हणतो काळजी करू नका. मी गाडीलाच दोष देत राहिलो, म्हणून अंगणातली करडी गाडी त्यांनी पुराव्यासाठी ओढून नेली. नेणारा शिपाई दुसऱ्या दिवशी सांगत होता, उगाच नावं ठेवता, मस्त चालते. दुकान सध्या बंद आहे. मेहुणी आणि ठकी आता आमच्याकडेच असतात. मेहुणीचा आवाज गेलाय, ती कुजबुजत बोलते. ठकी अजून बापाबद्दल विचारते.

मी तेवढा ठीक आहे. मोडलेली बोटं दुखतही नाहीत. वाईट वाटायला हवं तेवढं वाटत नाही, याचंच मध्येमध्ये वाईट वाटतं. टेम्पोवाला भेटायला आला होता, नवे दात बसवून. तोंडाला येईल ते बोलला आणि मी ऐकून घेतलं. बायकोने नंतर पाठीवर हात फिरवला. ‘किती शांत झालात तुम्ही,’ ती म्हणाली. तिला बरं वाटलं असावं.

आज सकाळी ती ठकीसाठी दूध तापवत होती. लायटर बिघडलाय, म्हणून काडेपेटी घेतली होती. ठकीला घेऊन मी तिच्या मागे उभा होतो. ठकी माझ्या कडेवर, तिचा दंड माझ्या चांगल्या हातात.

बायकोने काडी ओढली. पेटली आणि लगेच विझली.

‘दमट झाल्या वाटतं,’ ती म्हणाली. दुसरी ओढली. तीही विझली. ती खिडकीशी गेली. तिथे काडी नीट जळाली. हाताचा आडोसा करून ती जळती काडी गॅसपाशी, माझ्याजवळ घेऊन आली, आणि ज्योत लहान लहान होत निळी पडून गेली.

‘अहो, फुंकर मारताय का मागून?’

‘नाही.’

‘मग जरा बाजूला व्हा बघू.’

‘काका,’ ठकी म्हणाली. ‘सोड ना. दुखतंय.’

मी सोडलं. मला वाटलं, मी सोडलं.

बायको काडेपेटी हातात घेऊन वळली. तिने आधी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग माझ्या हाताकडे, आणि काड्या फरशीभर सांडल्या.